नर्सिंग व्यवसायाचा इतिहास : विटाळापासून विज्ञानापर्यंत

दरवर्षी १२ मे रोजी जागतिक परिचारिका दिन साजरा होतो. रुग्णालयांत फुले वाटली जातात, भाषणे होतात, परिचारिकांना 'सेवेची मूर्ती' म्हटले जाते. दुसऱ्या दिवशी त्याच परिचारिका अपुऱ्या मनुष्यबळात, अनेक ठिकाणी कंत्राटावर, दुप्पट रुग्णांचा भार घेऊन कामाला लागतात. गौरव मोठा आणि मोबदला छोटा, अशी या व्यवसायाची जुनी कहाणी आहे. ती समजून घेण्यासाठी त्याचा इतिहास माहीत असायला हवा.

आपल्या वस्त्यांमधून आज अनेक मुली आणि काही मुलेही एएनएम, जीएनएम, बीएस्सी नर्सिंगला जात आहेत. वस्त्यांमध्ये काम करताना आम्हाला जाणवते की प्रवेश, फी, नोकरी यांची चौकशी सगळे करतात. पण हे काम कोठून आले, त्याला प्रतिष्ठा कशी मिळाली आणि ती कोणाला मिळाली नाही, याची चर्चा होत नाही. बौद्ध तरुणांसाठी ही चर्चा दुहेरी महत्त्वाची आहे. रुग्णसेवेचे अतिशय जुने आणि नेमके नियम आपल्या धम्म परंपरेत आहेत. आणि या देशात रुग्णसेवेचे सर्वांत अवघड काम जातीने आपल्याच माणसांवर लादले होते.

काम आणि व्यवसाय यांत फरक काय?

आजाऱ्याची काळजी माणूस आदिम काळापासून घेत आला आहे. पण प्रत्येक कामाला समाज 'व्यवसाय' म्हणत नाही. समाजशास्त्रात व्यवसायाच्या काही खुणा मानल्या जातात : स्वतःचे ज्ञानक्षेत्र, ठरावीक प्रशिक्षण, परीक्षा आणि नोंदणी, आचारसंहिता, आणि आपल्या कामाबाबत स्वतः निर्णय घेण्याचा अधिकार. अमिताई एट्झिओनी या समाजशास्त्रज्ञाने १९६९ साली संपादित केलेल्या ग्रंथात शिक्षक, समाजकार्यकर्ते आणि परिचारिका यांना 'अर्धव्यवसाय' या गटात ठेवले होते. प्रशिक्षण आहे, पण निर्णयाचा अधिकार वरच्याच्या हाती, असा त्याचा अर्थ. या तिन्ही क्षेत्रांत स्त्रियांची संख्या मोठी आहे, हा योगायोग नाही. जे काम स्त्रिया घरात विनामोबदला करतात, ते बाहेर केले तरी समाज त्याला कौशल्य मानायला तयार नसतो. त्याला 'मायेचा स्वभाव' म्हटले की पगाराचा प्रश्न बाजूला पडतो.

नर्सिंगचा इतिहास म्हणजे या समजुतीविरुद्ध दिलेला लढा आहे.

तथागतांनी घालून दिलेला पाया

विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्खू पोटाच्या विकाराने आजारी होऊन स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. आनंदांसह विहारात फिरताना तथागत तेथे पोहोचले. तुझी देखभाल कोणी का करीत नाही, असे त्यांनी विचारले. मी इतर भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून ते माझ्याकडे पाहत नाहीत, असे त्याने सांगितले. तथागतांनी आनंदांना पाणी आणायला लावले. स्वतः पाणी ओतले, आनंदांनी त्याला धुतले. मग एकाने डोके आणि दुसऱ्याने पाय धरून त्याला मंचकावर निजवले. त्यानंतर त्यांनी संघाला एकत्र बोलावले. येथे तुमचे आईवडील नाहीत, तुम्हीच एकमेकांची काळजी घेतली नाही तर कोण घेणार, असे विचारले. आणि ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची सेवा करावी, असे सांगितले.

हा प्रसंग बहुतेकांना माहीत असतो. त्यापुढचा भाग मात्र कमी सांगितला जातो. तथागत केवळ करुणेचा उपदेश करून थांबले नाहीत, त्यांनी नियम केला. आजारी भिक्खूचे गुरू असतील तर त्यांनी, शिष्य असेल तर त्याने, कोणीच नसेल तर संघाने त्याची देखभाल करायची. न केल्यास तो दोष. म्हणजे रुग्णसेवा ही कोणाच्या मर्जीवर सोडलेली दया राहिली नाही, ती संस्थेची जबाबदारी झाली.

त्याच ठिकाणी चांगल्या 'गिलानुपट्ठाका'चे, म्हणजे रुग्णसेवकाचे, पाच गुण दिले आहेत. त्याला औषध तयार करता आले पाहिजे. रुग्णाला काय मानवते आणि काय मानवत नाही हे कळले पाहिजे. त्याने लाभाच्या आशेने नव्हे तर मैत्रीच्या भावनेने सेवा केली पाहिजे. मल, मूत्र, थुंकी, ओकारी उचलताना त्याला किळस वाटता कामा नये. आणि वेळोवेळी धम्माच्या बोलण्याने रुग्णाला धीर देता आला पाहिजे. आजच्या नर्सिंगच्या भाषेत सांगायचे तर औषध देणे, आहार व निरीक्षण, व्यावसायिक नीती, स्वच्छता आणि मानसिक आधार अशी ही यादी आहे. रुग्णाचेही पाच गुण तेथे सांगितले आहेत. त्यात औषध वेळेवर घेणे आणि आजाराची खरी माहिती सेवा करणाऱ्याला देणे यांचा समावेश आहे.

आणखी एक नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे. भिक्खूचे निधन झाले तर त्याचे पात्र आणि चीवर, त्याची शुश्रूषा करणाऱ्यांना द्यावे, असे ठरले. शुश्रूषा करणारा लहान श्रामणेर असला तरी त्याला समान वाटा द्यायचा. सेवेच्या कष्टांना मोल आहे आणि ते मोल हुद्द्यावरून ठरत नाही, हे तत्त्व यात दिसते. अंगुत्तर निकायात आजाऱ्यांची सेवा करणाऱ्या उपासिकांमध्ये अग्र म्हणून सुप्पियेचे नाव घेतले आहे.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात तथागतांची मानवता सांगताना आजाऱ्यांविषयीच्या त्यांच्या आस्थेला स्वतंत्र जागा दिली, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

अशोक आणि चरक

सम्राट अशोकांच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी आणि जनावरांसाठी अशा दोन प्रकारच्या चिकित्सेची व्यवस्था केल्याची नोंद आहे. जेथे औषधी वनस्पती नव्हत्या तेथे त्या आणून लावल्या, असेही त्यात म्हटले आहे. ही व्यवस्था स्वतःच्या राज्याबाहेर, चोळ, पांड्य आणि ग्रीक राजांच्या प्रदेशांतही केल्याचा उल्लेख आहे. आरोग्य ही राज्याची जबाबदारी आहे, असे सांगणारा हा अतिशय जुना लेखी पुरावा आहे.

चरकसंहितेत उपचाराचे चार आधार सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण. परिचारकाला सेवेचे ज्ञान, कामातली चलाखी, रुग्णाविषयी आपुलकी आणि स्वच्छता हवी, असे तेथे म्हटले आहे. म्हणजे ज्ञान या देशात होते. पण पुढे शुद्ध-अशुद्धतेच्या कल्पना घट्ट झाल्या, रक्त, मळ आणि मृतदेह यांना हात लावणारा माणूस हलका ठरला, आणि जेथे हात लावल्याशिवाय शुश्रूषा होत नाही तेथे ज्ञान आणि हात यांची फारकत झाली.

आधुनिक नर्सिंगचा जन्म

युरोपात मध्ययुगात शुश्रूषेचे काम मुख्यतः ख्रिस्ती मठांतील स्त्री-पुरुषांकडे होते. १८३६ साली जर्मनीतील कैसरवर्थ येथे पास्टर थिओडोर फ्लीडनर यांनी स्त्रियांना शुश्रूषेचे प्रशिक्षण देणारी संस्था सुरू केली. तेथे काही काळ शिकलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल (१८२०–१९१०) यांनी या कामाला आधुनिक व्यवसायाचे रूप दिले.

१८५४ मध्ये क्रिमियन युद्धात त्या ३८ परिचारिकांसह तुर्कस्तानातील स्कुटारी येथील लष्करी रुग्णालयात गेल्या. तेथे जखमांपेक्षा कॉलरा, हगवण, टायफस यांनीच अधिक सैनिक मरत होते. १८५५ मध्ये सरकारने पाठवलेल्या स्वच्छता आयोगाने गटारे साफ करून हवा-पाण्याची व्यवस्था सुधारल्यावर मृत्यू झपाट्याने घटले. नाइटिंगेल यांनी परतल्यावर या मृत्यूंची आकडेवारी मांडली, आकृत्या काढल्या आणि सरकारला सुधारणा करायला भाग पाडले. १८५८ मध्ये लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेच्या त्या पहिल्या स्त्री सदस्य झाल्या. दिवा घेतलेल्या बाईचे चित्र सगळ्यांना पाठ आहे, पण त्यांचे खरे हत्यार आकडेवारी होती. १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाने प्रशिक्षण शाळा सुरू झाली. धर्मसंस्थेच्या ताब्याबाहेर, अभ्यासक्रम आणि शिस्त असलेले नर्सिंग शिक्षण येथून रुजले. त्या भारतात कधी आल्या नाहीत. तरी भारतातील लष्कराच्या आणि गावांच्या स्वच्छतेवर त्यांनी अनेक वर्षे लिहिले.

त्याच युद्धात आणखी एक स्त्री होती. जमैकात जन्मलेल्या मेरी सीकोल यांना कॉलऱ्याच्या रुग्णांचा अनुभव होता. त्यांनी लंडनमध्ये परिचारिका म्हणून जाण्याची तयारी दाखवली, पण त्यांना घेतले नाही. आपला रंगच आड आला असावा, अशी शंका त्यांनी पुढे आत्मकथनात मांडली. त्या स्वखर्चाने गेल्या, बालाक्लावाजवळ घर उभारले आणि सैनिकांची शुश्रूषा केली. पाठ्यपुस्तकांनी त्यांना शतकभर विसरून टाकले. अमेरिकेत मेरी एलिझा महोनी या १८७९ मध्ये बोस्टन येथे प्रशिक्षण पूर्ण करणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय परिचारिका. कृष्णवर्णीय परिचारिकांना १९०८ मध्ये स्वतःची वेगळी राष्ट्रीय संघटना उभारावी लागली आणि ती १९५१ मध्ये मुख्य संघटनेत विलीन झाली. पांढऱ्या गणवेशाच्या आतही भेदभाव होता आणि तो संघटनेच्या बळावर मागे हटवावा लागला, हा आपल्यासाठी धडा आहे.

नोंदणीची लढाईही याच काळातली. न्यूझीलंडने १९०१ मध्ये परिचारिकांच्या नोंदणीचा स्वतंत्र कायदा केला. ब्रिटनमध्ये तो १९१९ मध्ये आला. प्रशिक्षित आणि अप्रशिक्षित यांत कायद्याने फरक झाला, तेव्हाच हा व्यवसाय झाला.

भारतात : मिशन, विधवा आणि सुईण

भारतात १८७१ मध्ये मद्रासच्या सरकारी रुग्णालयात परिचारिकांचे प्रशिक्षण सुरू झाले. १८८५ मध्ये डफरिन निधी स्थापन झाला. मुंबईत १८८६ मध्ये स्त्रियांसाठी कामा रुग्णालय उघडले. १८९१ मध्ये मुंबईत प्रशिक्षणाला आलेल्या बाई काशीबाई गणपत यांची पहिल्या भारतीय परिचारिकांमध्ये नोंद केली जाते. मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेल्या मिशन रुग्णालयासारख्या संस्थांनी महाराष्ट्रात हे शिक्षण पसरवले.

सवर्ण कुटुंबांतील मुली या कामाला येत नव्हत्या. परक्या पुरुषाला हात लावणे, रात्रपाळी करणे, मलमूत्र उचलणे हे सारे 'विटाळ' आणि 'बदनामी' यांत मोडत होते. म्हणून सुरुवातीच्या परिचारिकांत युरोपीय, अँग्लो-इंडियन आणि भारतीय ख्रिस्ती स्त्रिया अधिक होत्या. पुण्यात १९०९ मध्ये सुरू झालेल्या सेवासदनातून रमाबाई रानडे यांनी विधवांना ससून रुग्णालयात परिचारिका प्रशिक्षणाला पाठवले, तेव्हा त्यांना समाजाचा रोष पत्करावा लागला.

आता प्रश्न असा की, तोपर्यंत या देशात बाळंतपण कोण करीत होते? सुईण. महाराष्ट्रात मांग आणि इतर अस्पृश्य जातींतील स्त्रिया, उत्तरेत चांभार समाजातील दाया. नाळ कापणे, वार पुरणे, रक्ताचे कपडे धुणे ही कामे जातीने त्यांच्यावर टाकली होती. मोबदला म्हणून धान्य, जुने लुगडे आणि थोडे पैसे. बाळ सुखरूप झाले की तीच सुईण पुन्हा उंबऱ्याबाहेर. तिच्या हातांत पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव होता. त्याचबरोबर जंतुसंसर्गाचे ज्ञान नसल्याने धोकेही होते. १९०३ मध्ये लेडी कर्झन यांच्या पुढाकाराने व्हिक्टोरिया स्मृती निधीतून दायांच्या प्रशिक्षणाची योजना आली. पण नोंदणीकृत परिचारिका होण्यासाठी शालेय शिक्षण लागत होते आणि शाळेचे दार तर जातीने आधीच बंद केलेले होते. परिणाम असा झाला की काम तेच असताना, ज्ञान आणि नोंदणी मिळाली ती 'सिस्टर' झाली आणि जिला ती मिळाली नाही ती 'अडाणी दाई' ठरली. आजही रुग्णालयात बेडपॅन, रक्ताची चादर आणि शवागार यांचे काम कोणाच्या वाट्याला येते ते पाहिले की ही विभागणी संपलेली नाही हे कळते.

सावित्रीमाईंची शुश्रूषा

या इतिहासात सावित्रीमाई फुले यांचे नाव ठळकपणे घेतले पाहिजे. जोतीरावांसह त्यांनी १८६३ मध्ये फसवल्या गेलेल्या विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह चालवले, तेथे बाळंतपणे केली. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग पसरला तेव्हा त्यांनी डॉक्टर असलेले पुत्र यशवंत यांच्यासह हडपसर भागात दवाखाना उभारला. मुंढव्याच्या महारवाड्यातील पांडुरंग गायकवाड या आजारी मुलाला त्यांनी स्वतः उचलून दवाखान्यात आणले. त्या सेवेतच त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे परिनिर्वाण झाले. ज्याला समाज शिवत नव्हता त्याला प्लेगमध्ये उचलून घेणे, हे शुश्रूषा आणि जातिअंत यांचे एकच कृत्य होते.

स्वातंत्र्यानंतरची रचना

१९०८ मध्ये परिचारिकांची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली. मुंबई इलाख्यात १९३५ मध्ये परिचारिका व सुईणींच्या नोंदणीचा कायदा झाला. १९४६ मध्ये दिल्ली आणि वेल्लोर येथे नर्सिंगचे पदवी शिक्षण सुरू झाले. त्याच वर्षीच्या भोर समितीच्या अहवालाने परिचारिकांची तीव्र कमतरता आणि त्यांच्या कामाच्या वाईट परिस्थितीकडे लक्ष वेधले. १९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषद आली. महाराष्ट्रात १९६६ च्या कायद्यानुसार राज्य परिषदेकडे नोंदणी होते. २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा नवा कायदा मंजूर केला.

स्त्री कामगारांच्या हक्कांबाबत बाबासाहेबांची भूमिकाही येथे आठवावी. जुलै १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना, बाळंतपणाच्या काळातील विश्रांती ही राष्ट्रहिताची बाब आहे, अशी मांडणी त्यांनी केली. स्त्रियांची संख्या मोठी असलेल्या या व्यवसायाला त्या विचाराचा थेट लाभ झाला आहे.

सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका अशी पदांची उतरंड असते. शिकवणाऱ्या पाठ्यनिर्देशिका असतात. गावात उपकेंद्रावर एएनएम असते. निकषानुसार सपाट भागात ५,००० आणि आदिवासी व डोंगराळ भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असते. लसीकरण, गरोदर मातांची तपासणी, नोंदी हे सारे तिच्यावर असते.

मान आहे, मग मोबदला का नाही?

परिषदेच्या जुन्या निकषानुसार शिक्षण देणाऱ्या रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात तीन रुग्णांमागे एक आणि इतर रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी. कोणत्याही मोठ्या सरकारी रुग्णालयात रात्री फेरी मारली की वास्तव दिसते.

खासगी रुग्णालयांतील पगाराचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने शिफारशी केल्या : २०० हून अधिक खाटांच्या रुग्णालयात सरकारी परिचारिकेइतका पगार, १०० ते २०० खाटांच्या रुग्णालयात फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० खाटांच्या ठिकाणी फार तर २५ टक्के कमी, आणि ५० पेक्षा कमी खाटा असल्या तरी किमान २०,००० रुपये. या शिफारशी कागदावर आहेत. त्या माहीत नसल्यामुळे आपल्या मुली कितीतरी कमी पगारावर राबतात.

सुरक्षिततेचा प्रश्न तितकाच गंभीर आहे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग या परिचारिकेवर तेथीलच एका कर्मचाऱ्याने अत्याचार केला. १८ मे २०१५ रोजी त्यांचा मृत्यू झाला. मधली सुमारे ४२ वर्षे केईएमच्या परिचारिकांनी पिढ्या बदलत गेल्या तरी त्यांची शुश्रूषा केली, अंगाला जखम होऊ दिली नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला इतकी वर्षे तसे जपणे यासाठी केवळ माया पुरत नाही. त्यासाठी शास्त्र, शिस्त आणि संघ लागतो. नर्सिंग हा व्यवसाय का आहे, याचे याहून मोठे उत्तर नाही.

तरुणांसाठी

एएनएमचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, जीएनएम तीन वर्षांचा, बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचा आहे. बीएस्सीसाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवे. म्हणून दहावीनंतर शाखा निवडतानाच हा विचार करावा. प्रवेश घेण्यापूर्वी संस्थेला परिषदेची मान्यता आहे का ते स्वतः तपासावे. मान्यता नसलेल्या 'नर्सिंग कोर्स'चे प्रमाणपत्र नोंदणीला चालत नाही आणि फसवणूक सर्वाधिक येथेच होते. जातीचे प्रमाणपत्र, जात पडताळणी आणि मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज ही कामे वेळेत करावीत. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती मिळतात, हे आपल्यापैकी अनेकांना अजूनही नीट सांगावे लागते. मुलांनीही हे क्षेत्र 'बायकांचे' म्हणून टाळू नये. मलमूत्रात पडलेल्या भिक्खूला धुणारे हात तथागतांचे आणि आनंदांचे होते.

कार्यकर्त्यांनीही काही करता येईल. वस्तीतील सुईण, आशा, एएनएम आणि सफाई कामगार यांना विहारात एकत्र बोलवा. रिक्त पदे, कंत्राटी भरती, हातमोजे-मास्क यांची उपलब्धता यांवर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. परिचारिकांच्या आंदोलनात सफाई कामगारांचा प्रश्न आणि सफाई कामगारांच्या आंदोलनात परिचारिकांचा प्रश्न मांडा. श्रामणेराला समान वाटा देणारा नियम आपल्याकडे अडीच हजार वर्षांपासून आहे. तो रुग्णालयाच्या वेतनपत्रकात यायला हवा.

जय भीम! नमो बुद्धाय!